तिरकी दांडी

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवारी सकाळी गुरुदत्त खांबेटे तळघरातून कॉम्प्रेसर ओढत अंगणात घेऊन गेले आणि वर स्वयंपाकघरात नीताने देवापुढे अवेळीच निरांजन लावलं.

पूजा केव्हाच झाली होती. पण आजचं काम रोजच्यासारखं नव्हतं. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मागच्या अंगाला, जंगलाच्या कडेला असलेल्या या घराच्या हिरवळीखाली गुरुदत्तांनी स्वतःच्या हाताने नळ्या पुरल्या होत्या. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की गवतातून फवाऱ्यांची डोकी वर यायची, गोल फिरून पाणी शिंपडायची आणि मुकाट्याने पुन्हा मातीत जायची. थंडी पडायच्या आत या नळ्यांतलं सगळं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने काढून टाकावं लागतं. राहिलेल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि नळी फाटते. दरवर्षी हे काम ते एकटे करत आणि नीताचं तिकडे लक्षही नसे. शरद सुरू झाला की तिला फराळाची घाई असायची आणि अंगणातला गारठा तिला सोसायचा नाही.

या वर्षी मात्र सगळं घरच त्या कामाला टांगलेलं होतं.

गुरुदत्त गाड्यांचे ब्रेक तपासणारे इंजिनियर. ज्यांच्या हाताखालून गेलेला ब्रेक पुन्हा कोणी तपासत नसे, असे. साठीही आली नव्हती, आणि डोक्यातलं एकेक दार आपोआप बंद होत चाललं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, चित्र दाखवलं, आणि हे आता मागे फिरणार नाही असं अगदी सौम्य आवाजात सांगितलं. नोकरी गेली, गाडी चालवणं गेलं. या उन्हाळ्यात एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरवलेलं राहिलं, वर पातेलं, आणि नीता खरेदीहून परतली तेव्हा घरभर धूर आणि धुरात शांत बसलेले गुरुदत्त.

तेव्हा कायझर्सलाउटर्नहून उत्कर्ष आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करतो. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. त्याने बोलायला सुरुवात केली ती घर विकण्यापासूनच. त्याच्या जवळ एक फ्लॅट घ्यायचा आणि बाबांना दिवसा टागेसफ्लेगेमध्ये घालायचं. टागेसफ्लेगे म्हणजे सकाळी गाडी येऊन माणसाला घेऊन जाते, तिथे सगळे गोल बसून मऊ चेंडू झेलतात, आणि संध्याकाळी गाडी परत आणून सोडते. गुरुदत्त एक दिवस तसं ठिकाण पाहून आले होते. नीताने विचारलं, कसं आहे. म्हणाले, माणसं चांगली आहेत, पण टाळ्या वाजवायला लावतात आणि ताल चुकीचा धरतात.

ते गमतीने बोलले असं उत्कर्षला वाटलं. नीताला माहीत होतं की ते गमतीने बोलले नव्हते.

शेवटी बापलेकांत ठरलं. गुरुदत्त म्हणाले, ज्या दिवशी मला घर सांभाळता येणार नाही त्या दिवशी तू म्हणशील तिथे येईन. उत्कर्षने जरा विचार केला आणि म्हणाला, ठीक, हा हिवाळा बाबांनी घर सांभाळलं तर मी उन्हाळ्यापर्यंत विषय काढणार नाही. पण काही झालं, तर मग चर्चा नाही. गुरुदत्त म्हणाले, "गेनाऊ." ऑफिसात एखादी अट मान्य करताना म्हणायचे तसंच, डोकं किंचित पुढे झुकवून.

घर सांभाळणं म्हणजे या देशात काय, तर पहिल्या हिमाआधी पाणी काढणं. दोघांनाही ते सांगायची गरज नव्हती.

नीताचं माहेर राजापूरकडचं. तिच्या गावी मोठं काही ठरवायचं झालं की देवीला कौल लावत. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि मग सगळी मंडळी भिंतीला पाठ टेकून बसून राहायची. उजवी कळी आधी पडली की होकार. किती वेळ लागेल याला काही धरबंध नसे. कोणी कंटाळून फुंकर घालायला गेलं तर गुरव सगळ्यांसमोर झाडायचा. कौल लावला की हात मागे घ्यायचा, एवढा एकच नियम.

इथे गुरव कुठला आणि कळ्या कुठल्या. नीताने निरांजन ओवाळलं आणि हळू आवाजात देवीला सांगितलं, "यांनी एकट्याने पाणी काढलं, तर आम्ही इथेच राहायचं असा तुझा होकार समजते. नाही जमलं तर तुझी इच्छा. मी मध्ये पडणार नाही."

असं म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मध्ये न पडणं तिच्या अंगातच उरलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तिने दुसरं केलं तरी काय होतं? गुरुदत्त एखादं नाव विसरले की ती बोलता बोलता ते नाव घ्यायची. दुकानात ते कार्ड हातात धरून थांबले की हिची पर्स पुढे. आणि गणपतीतलं ते कीर्तन.

चारुलताताई हेर्त्सोगेनआउराखला मुलीकडे येऊन राहिल्या होत्या आणि मंडळाच्या गणपतीत दरवर्षी त्यांचं कीर्तन व्हायचं. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या रेषांवर सतरंज्या टाकून. पण बाईंनी नऊवारी नेसून, कपाळी बुक्का लावून पहिलं नमन धरलं की त्या हॉलचं देऊळ व्हायचं, यात शंका नाही. आणि तबल्याला गुरुदत्त. कीर्तनाला साथ करणं सोपं नसतं. निरूपण चाललेलं असतं, बुवा कुठे थांबतील, कुठे पद उचलतील, काही सांगता येत नाही. साथीदाराला अर्थावर कान ठेवावा लागतो. गुरुदत्त तसे कान ठेवणारे होते. बाई म्हणायच्या, खांबेटे साथीला असले की माझं वाक्य कुठे संपणार ते मला त्यांच्या बोटांवरून कळतं.

यंदा उत्तररंगात, आख्यान ऐन भरात असताना, त्यांचे हात थांबले. ठेका नुसता थांबला. बाईंचं पद अधांतरी, पेटीवाल्याने मान वळवली. आणि गुरुदत्त स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले, जसे कोणा दुसऱ्याचे हात मांडीवर ठेवलेत. नीता बायकांत बसली होती. तिने एकदम उंच आवाजात गजर धरला आणि टाळ्या सुरू केल्या. सगळा हॉल उठला, झांजा आल्या, कोणी नाचायलाही लागलं. चारुलताताई समजल्या. त्यांनी गजर लांबवला, तोवर लांबवला जोवर गुरुदत्तांच्या बोटांना पुन्हा वाट सापडली. नंतर प्रसाद घेताना लोक म्हणाले, नीताताई, काय भाव लागला होता हो तुमचा. उत्कर्ष मात्र मागे भिंतीशी उभा होता. परतीच्या वाटेवर गाडीत आरशातून आईकडे एकदा पाहिलं, इतकंच.

तर नीता खिडकीशी उभी राहिली.

धुकं उतरत होतं. गुरुदत्तांनी आधी तळघरात जाऊन बागेकडे जाणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह बंद केला, ते तिला नळ्यांच्या आवाजावरून कळलं. मग ते वर आले, भिंतीलगत जिथे नळी घराबाहेर पडते तिथे कॉम्प्रेसरचा पाइप जोडला. मग थांबले. हातात पाना, आणि उभेच. नीताने खिडकीची चौकट धरली. पानं गळून पडलेल्या चेरीखाली त्यांचं ते राखाडी जॅकेट, आणि ते उभे.

मग तिला दिसलं, की त्यांची डावी तर्जनी मांडीवर हलते आहे. धा धिं धिं धा. ओठही हलत होते. त्यांनी कामाचा क्रम तालात बसवला होता. एकेका मात्रेला एकेक काम, खाली कुठे येते ते ठाऊक, सम कुठे ते ठाऊक. डोक्यातून जे निघून जात होतं ते त्यांनी बोटांत नेऊन ठेवलं होतं. कधी केलं त्यांनी हे, कधी सराव केला, तिला कळलंही नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि पुढचं जरा वेळ काही दिसेना.

कॉम्प्रेसर सुरू झाला. हवा बेतानेच सोडायची असते, जोर केला तर जोड उखडतात. हिरवळीच्या त्या टोकाला फवाऱ्यांची डोकी वर आली, पाणी थुंकली, मग नुसतं धुकं, मग कोरडी फुसफुस. गुरुदत्त प्रत्येकाजवळ जाऊन वाकून ऐकत. मग पुढचा भाग. मग त्याच्या पुढचा. कुठलाही भाग दोनदा झाला नाही, कुठलाही राहिला नाही. शेवटी ते भिंतीशी ओणवे झाले, काहीतरी केलं, त्यावर गोणपाटाचं टोपण चढवलं, दोरी बांधली. उभे राहिले आणि मांडीवर एक जोरात थाप दिली. सम.

आत आले तेव्हा नाक लाल झालं होतं.

"झालं गं," ते म्हणाले. "चहा टाक."

नीताने चहा टाकला आणि सोबत तुपात रवाही भाजायला घेतला. शिरा पाहून त्यांनी विचारलं, कोण येणार आहे. कोणी नाही, ती म्हणाली, सहज. त्यांनी दोनदा मागून घेतला. मग खुर्चीतच डोळा लागला, वाटी मांडीवर, आणि ती त्यांच्याकडे पाहत बसली. बऱ्याच दिवसांत तिला असं हलकं वाटलं नव्हतं. उजवी कळी पडली होती, तिच्या डोळ्यांदेखत.

इथेच बसून राहिली असती तर.

पण माणसाला वर्षभराची सवय लागलेली. घाबरायची सवय. ती उठली, चपला सरकवल्या, शाल घेतली, म्हटलं नुसतं बघून येते. देवीचा कौल आहेच, आपण फक्त बघायचं. कॉम्प्रेसर जागेवर होता. पाइप गुंडाळून ठेवला होता. पाने पुसून पेटीत. तिने गोणपाट उचललं.

खाली पितळी व्हॉल्व्ह, त्याला लाल दांडी. दांडी नळीच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, एवढं तिला माहीत होतं. आणि ही दांडी चालूही नव्हती, बंदही नव्हती. मध्येच, तिरकी.

शेगडीचं बटण असंच होतं. त्यांच्या शर्टाची बटणं असतात ती अशीच, अर्ध्यावर. वाक्यं असतात ती अशीच. सगळं नीट केलं आणि शेवटच्या मात्रेला हात थांबला, इथेही, गणपतीसारखाच. फक्त इथे हॉल नव्हता आणि कोणी पाहिलं नव्हतं.

तिला गुरवाचा नियम आठवला नाही असं नाही. आठवला. पण तिने स्वतःची समजूत घातली, की एवढं सगळं त्यांनीच केलं, उरलं काय तर पाव वळसा. साथीला बसलेल्या माणसाने एखादी मात्रा सांभाळून घेतली तर कीर्तन का मोडतं? तिने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि आडवी केली, घट्ट, अंगातल्या सगळ्या जोराने. गोणपाट पुन्हा चढवलं, दोरीची गाठ त्यांच्यासारखीच मारली. आत येऊन हात धुतले, आणि देवापुढे मान वर न करता नमस्कार केला.

संध्याकाळी फोनवर गुरुदत्तांनी उत्कर्षला सांगितलं, पाणी काढलं. उत्कर्षने आईला विचारलं, एकट्याने? नीता म्हणाली, एकट्याने.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. हिरवळ पांढरी, चेरीच्या फांद्या पांढऱ्या, श्वास पांढरा. गुरुदत्त खिडकीतून त्या गवताकडे समाधानाने पाहायचे. पाणी काढलं ते त्यांना आठवत होतं की नीताने सांगितलेलं आठवत होतं, कोण जाणे. नाताळच्या सुट्टीत उत्कर्ष येऊन दोघांना आपल्याकडे घेऊन गेला. तिथला मुक्काम चांगला झाला. उत्कर्ष एकदा आपण होऊन म्हणाला, की बाबा बरे दिसतात. एवढंच वाक्य, पण नीताने ते पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. तिथे असतानाच हवा बदलली, दिवसा पाऊस पडू लागला, बर्फ वितळला.

उत्कर्षनेच दोघांना परत आणून सोडलं. दार उघडलं तसा ओलसर वास आला.

तळघरातली ती खोली गुरुदत्तांच्या रियाजाची. कोपऱ्यात तबला आणि डग्गा, बाजूला पेटी, खाली जुना गालिचा. उत्कर्षने दिवा लावला. बाहेरच्या बाजूची भिंत छतापर्यंत काळी पडली होती, रंगाचे पोपडे सुटून लोंबत होते, आणि तिच्या पोटातून सावकाश, न थांबता पाणी झिरपत होतं. गालिच्यावर पाय ठेवला की चप् आवाज यायचा. डग्गा आपल्या चुंबळीवर होता तिथेच होता, पण चुंबळ पाण्यात बसलेली, वाद्या फुगलेल्या, चामड्यावर हिरवट बुरशी.

गुरुदत्त खाली वाकले आणि डग्ग्यावर बोट टेकवून पाहिलं. आवाज आलाच नाही, ओल्या मातीवर थाप पडावी तसं काहीतरी झालं.

उत्कर्षने रस्त्यावरून घरात येणारं सगळं पाणी तोडलं. मग बाहेर गेला. नीताही मागोमाग. त्याने गोणपाट काढलं, आणि दांडीकडे पाहून तो तसाच बसला, उकिडवा, पावसात.

"बंद केलाय," तो म्हणाला. चक्क मराठीत.

नीताने विचारलं, मग बंदच करायचा असतो ना?

नाही, तो म्हणाला आणि जर्मनमध्ये सांगू लागला. आवाज चढवला नाही, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. तळघरातला व्हॉल्व्ह जुना आहे, कितीही आवळला तरी थोडं थोडं पाणी सोडतो. ते भिंतीतल्या नळीत येतं. बाहेरचा व्हॉल्व्ह हिवाळाभर अर्धा उघडा ठेवला, दांडी तिरकी ठेवली, की ते पाणी बाहेर ठिबकून निघून जातं. बंद केला तर पाणी अडतं, नळी भरते, गोठते आणि भिंतीच्या आतच फुटते. मी शाळेत असताना बाबांनी मला इथेच बसवून शिकवलं होतं. सगळ्यात शेवटी दांडी तिरकी, म्हणाले होते, हे विसरलास तर बाकीचं सगळं केलेलं वाया.

तो उठला, गुडघे झटकले. "आणि तेच विसरले," तो म्हणाला.

नीताला पाऊस लागत होता, पण कळत नव्हता. तिला फक्त ती दांडी दिसत होती, ऑक्टोबरातली, तिरकी. सम बरोबर आली होती. त्यांच्या बोटांनी शेवटची मात्रासुद्धा बरोबर धरली होती, एकही चूक न करता. आणि तिने दोन्ही हातांनी.

"उत्कर्ष, तो मी बंद केला."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"खरंच सांगते. यांनी तिरकीच ठेवली होती. मला वाटलं अर्धवट राहिली, म्हणून मी जाऊन फिरवली. हे झोपले होते तेव्हा."

उत्कर्षने आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा स्पर्श इतका मायेचा होता, की त्याला हे खरं वाटत नाही हे त्यावरूनच तिला समजलं.

"आई, बिटे," तो विनवत म्हणाला.

तिने देवीची शपथ घेतली. कसं गोणपाट उचललं, कशी गाठ मारली, सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग हळूच म्हणाला, की कार्डाचं मी बघितलंय. गाडीला ओरखडे आले तेव्हा ते तू केले म्हणालीस तेही. गणपतीत तुला भाव लागला नव्हता, हेही मला माहीत आहे. तू किती दिवस हे सगळं एकटीने अंगावर घेणार? मुलगा वाईट नव्हता हो. त्याच्या जागी कोणीही असता तर हेच म्हणाला असता.

तळघराच्या दारात गुरुदत्त उभे होते. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. नीता त्यांच्याकडे धावली.

"अहो, तुम्ही सांगा याला. तुम्ही दांडी तिरकी ठेवली होतीत. आठवा ना. धुकं होतं, तुम्ही ठेका धरला होतात मांडीवर, शेवटी थाप दिलीत."

गुरुदत्तांनी डोळे मिटले. ते आत शोधत होते, ते दिसत होतं. कपाळावर आठी, ओठ हलले, डावी तर्जनी जरा उचलली गेली. नीता श्वास रोखून उभी होती. उत्कर्षही थांबला होता, त्यालाही हवंच होतं की ते सापडावं. मग तर्जनी खाली आली.

"नाही गं," ते म्हणाले. "काही नाही तिथे."

नीता रडू लागली तसा त्यांनी तिचा हात धरला, हातात घेऊन थोपटला, आणि मुलाकडे वळून, जुन्या ऑफिसच्या आवाजात, स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की ठरलं होतं तसं कर. मग तिच्याकडे वळले.

"पुरे आता, नीता. किती सांभाळशील मला."

घराला गिऱ्हाईक यायला वेळ लागला नाही. भिंत उकरून नळी बदलली, नवा रंग दिला. लोक येत, हिरवळ पाहून खूश होत. फवारे आपोआप चालतात का, असं विचारत. उत्कर्ष सांगत असे, हो, माझ्या वडिलांनी बसवले आहेत. डग्गा काही दुरुस्त होण्यातला नव्हता. चारुलताताईंनी फोन केला तेव्हा नीताने त्यांनाही खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, तुझ्यासारखी साथ कुणाला मिळत नाही गं. म्हणजे त्यांनीही विश्वास ठेवला नव्हता.

देवघर तिने सगळ्यात शेवटी आवरलं. देवीला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. माफी मागावी तर कशाची? देवीने होकार दिला होता. स्पष्ट, उजवा. तिनेच तो पुसला, आणि आता तिने पुसला हे तिच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं. तिने मूर्ती मऊ पंचात गुंडाळली आणि खोक्यात ठेवली.

बाहेर मार्चचं फिकट ऊन पडलं होतं. गुरुदत्त खिडकीशी बसले होते, खोक्यांच्या मधे एकच खुर्ची राहिली होती तिच्यावर.

"नीता, नळ्यांतलं पाणी काढलं का गं?" त्यांनी विचारलं. "थंडी पडेल."

"काढलं. तुम्हीच काढलंत."

"मी? कधी?"

ती त्यांच्या पायाशी खोक्यावर बसली आणि सांगू लागली. कसं धुकं होतं, कसा कॉम्प्रेसर ओढत नेला, चेरीखाली उभे राहून कसा ठेका धरला. ते कान देऊन ऐकत होते, कीर्तनाला बसलेले ऐकतात तसे, दुसऱ्याच कोणाची तरी कथा असावी तसे. मध्ये मध्ये मान डोलवत होते. बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती.

"आणि शेवटी?"

"शेवटी तुम्ही दांडी तिरकी ठेवलीत. अगदी बरोबर."

"वा." ते खूश झाले. मग चेहरा जरा बदलला. "पण भिंत फुटली ना आपली?"

"फुटली."

"ती कशी मग?"

"मी जाऊन दांडी बंद केली," नीता म्हणाली. "तुम्ही झोपल्यावर."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. होती ती नुसती माया, आणि तीच तिला सहन होत नव्हती.

"छे. तू नाही तसं करणार," ते म्हणाले. "माझंच काहीतरी राहिलं असेल." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, थोडं थांबून म्हणाले, "पण सांगतेस छान. पुन्हा सांग."

नीताने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.